बंडीआडची गाठ

वैशाखांतील जळगांव ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांना त्या दिवसांत घरांतील पुरुषमंडळींचा वेष काय असतो हें सांगावयास नको. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर चढलेला, पंख्याची हवा भट्टींतून आल्यासारखी. अशा वेळीं कमरेस पंचा आणि खांद्यावर जानवें याहून अधिक कांहीं अंगावर ठेवणें म्हणजे देहदंडच. दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत मी घरांत बंडी घालून वावरूं लागलों. सौभाग्यवतींनीं चार दिवस पाहिलें. पांचव्या दिवशीं दुपारीं ताकाचें भांडें माझ्यापुढें ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्या उन्हाळ्यांत ही बंडी कशाला? काय झांकून ठेवलें आहे?"

मीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां त्या आंत गेल्या व धुवावयाच्या कपड्यांतून माझी एक बंडी घेऊन आल्या. डाव्या बाजूस, छातीवर येईल अशा ठिकाणीं, रुपयाएवढा तांबूस डाग होता. "हा डाग मी तिसऱ्या वेळेस धुतें आहें," एवढेंच त्या बोलल्या. लग्नाला अडतीस वर्षें झालीं होतीं. पण त्यांच्यापुढें मान खालीं घालण्याचा प्रसंग माझ्यावर तो पहिलाच आला.

गाठ मला मार्गशीर्षांतच लागली होती. स्नान करून जानवें सारखें करतांना डाव्या स्तनाग्राच्या अगदीं खालीं हरभऱ्याच्या दाण्याएवढें कांहीं कठीण हाताला लागलें. दुखत नव्हतें, खुपत नव्हतें. जें दुखत नाहीं त्याची चिंता काय करावयाची, असें म्हणून मीं तें सोडून दिलें. पौष गेला, माघ गेला. दाण्याचें बोर झालें, आणि स्तनाग्र आंत ओढल्यासारखें दिसूं लागलें. तेव्हां मात्र एका ओळखीच्या जाणत्या गृहस्थांना सहज विचारावें तसें विचारलें. ते मोठ्यानें हंसले. "मास्तर, पुरुषाला कसला आला आहे स्तनाचा रोग! चरबीची गाठ असेल. हळद लावा." मला हेंच उत्तर हवें होतें. मनुष्य सल्ला विचारावयास निघतो तेव्हां पुष्कळदां आपल्या मनांतलें उत्तर देणाराच तो शोधीत असतो.

त्यावर मीं आणखी एक आधार शोधला. आणि तो शोधण्याच्या कामीं माझें संस्कृत उपयोगी पडलें, हें सांगतांना आज लाज वाटते. घरीं सुश्रुतसंहितेची जुनी प्रत आहे. तिच्यांतील निदानस्थानाचा दहावा अध्याय काढला. विसर्प आणि नाडीव्रण यांच्याबरोबर स्तनरोगांचें निदान त्यांत सांगितलें आहे. गर्भिणी व प्रसूता यांच्या स्तनांतील धमन्या मोकळ्या होतात, त्या वाटेनें दोष शिरून रोग उत्पन्न होतात. कुमारिकांच्या धमन्यांचीं द्वारें मिटलेलीं असल्यामुळें त्यांना हे रोग होत नाहींत, अशी तेथें उपपत्ति आहे. जो रोग कुमारिकेला देखील होत नाहीं तो पुरुषाला कोठून व्हावा? मीं पोथी मिटली, समाधान झालें. पान उलटून पुढचा, अकरावा अध्याय वाचला असता, तर त्यांत अर्बुदाचें वर्णन मिळालें असतें. वाटोळें, स्थिर, फारसें न दुखणारें, खोल मुळाचें, हळूहळू वाढणारें, न पिकणारें, आणि शरीराच्या कोणत्याही भागीं उद्भवणारें! माझ्या छातीवर जें होतें त्याचेंच हें वर्णन. ग्रंथ चुकला नव्हता. वाचणारानें सोयीचा अध्याय वाचला होता.

खरें कारण याहूनही निराळें होतें. वर्गांत काव्य शिकवितांना "स्तन" हा शब्द आला कीं मी "वक्षःस्थळ" म्हणून पुढें जात असें, आणि एखादा श्लोक तर सोडूनच देत असें. जो शब्द उभ्या जन्मांत मोकळेपणानें उच्चारला नाहीं, तो आतां स्वतःच्या शरीरासंबंधानें, परक्या माणसापुढें, दुखणें म्हणून उच्चारावयाचा! बायकांचा रोग मला झाला असें लोक म्हणतील, या एका भीतीनें मीं पांच महिने घालविले. मरणाची भीति त्या मानानें फार उशिरां आली.

दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींनींच मला शस्त्रवैद्यांकडे नेलें. त्यांनीं दोन्ही बाजू व दोन्ही काखा तपासल्या. ते हंसले नाहींत. "आधीं कां नाहीं आलांत?" एवढेंच त्यांनीं विचारलें. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि जाड सुईनें गाठीचा बारीक तुकडा काढून केलेली बायॉप्सी, असे सारे सोपस्कार झाले. एका तपासणीकेंद्रांत बांकावर आठ-दहा स्त्रिया बसल्या होत्या. नांव पुकारणाऱ्या मुलीनें कागदावर मॅमोग्राफी हा शब्द पाहून सौभाग्यवतींना म्हटलें, "आजी, तुम्ही आंत या, आजोबांना येथें बसूं द्या." सौभाग्यवती म्हणाल्या, "नाहीं बाई, दुखणें यांचें आहे." सगळ्याजणी माझ्याकडे पाहूं लागल्या. ज्या हंसण्याला मी पांच महिने भीत होतों, तें हंसूं कोणाच्याच तोंडावर आलें नाहीं. एका वृद्ध बाईनें सरकून मला पंख्याखालची जागा दिली.

आठ दिवसांनीं कागद हातीं आला. कर्करोग होता.

पुरुषाला स्तनाचा कर्करोग होतो हें माझ्याप्रमाणेंच अनेक सुशिक्षितांना ठाऊक नसतें. म्हणून जें मला समजलें तें थोडक्यांत सांगतों. गर्भांत स्त्रीपुरुषभेद प्रगट होण्यापूर्वींच स्तनांची मांडणी सुरू होते, म्हणून ती दोघांतही असते. वयांत येईपर्यंत मुलगा व मुलगी यांच्यांत या बाबतींत फारसा फरक नसतो. पुढें इस्ट्रोजेन नांवाच्या अंतःस्रावामुळें मुलीच्या स्तनांची वाढ होते. मुलाच्या स्तनांतील थोड्याशा नलिका अविकसित राहतात. पण राहतात खऱ्या. आणि जेथें नलिका आहे तेथें तिच्या पेशी बिघडूं शकतात. स्तनाच्या कर्करोगाचे शंभर रोगी घेतले तर त्यांत पुरुष सुमारें एक असतो. बहुतेकांना हा रोग साठीच्या सुमारास किंवा त्यानंतर होतो. यकृताचा जुना विकार, अतिस्थूलपणा, पूर्वीं छातीवर झालेले किरणोपचार, पेशींत एक्स गुणसूत्र अधिक असण्याची क्लाइनफेल्टर नांवाची जन्मजात अवस्था, आणि कुळांतून आलेला जनुकाचा दोष, यांमुळें त्याचा संभव वाढतो.

लक्षणें ओळखण्यास कठीण नाहींत. स्तनाग्राखालीं न दुखणारी कठीण गाठ. स्तनाग्र आंत ओढलें जाणें. त्यांतून पाणी किंवा रक्त येणें. त्वचेला खळी पडणें अथवा न भरणारी जखम होणें. काखेंत गाठ लागणें. पुरुषाची छाती फुगली कीं कर्करोगच झाला असें मात्र नव्हे. वाढत्या वयांत, उतारवयांत, अथवा कांहीं औषधांमुळें ती फुगते. असा फुगवटा बहुधा मऊसर व दुखरा असतो, आणि पुष्कळदां दोन्हीकडे येतो. तथापि हा निवाडा वैद्यानें करावयाचा आहे. आरशापुढें उभें राहून आपण करावयाचा नाहीं.

ही माहिती नवीन आहे असेंही नाहीं. ईजिप्त देशांत लक्सर येथें १८६२ सालीं एडविन स्मिथ या गृहस्थांनीं एक प्राचीन पपायरस विकत घेतला. तो इ. स. पूर्वीं १६०० च्या सुमाराचा मानतात. त्यांत छातीवरील कठीण, हाताला थंड लागणाऱ्या गाठींचें वर्णन असून, वर्णिलेला रोगी पुरुष आहे. यावर उपाय नाहीं, असेंही तेथें स्पष्ट म्हटलें आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीं निरुपाय होता. आज उपाय आहे, आणि आम्ही तो बंडीखालीं झांकून ठेवतों!

जळगांवाहून मुंबई रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर. परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथें माझी शस्त्रक्रिया झाली. डावें स्तन आणि काखेंतील रसग्रंथि काढल्या. रोग दोन ग्रंथींपर्यंत पोंचला होता. मार्गशीर्षांत आलों असतों तर पोंचला असता किंवा नसता, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. परंतु हा हिशेब मी अजून रात्रीं अंथरुणावर मांडीत असतों. डावा हात उचलवेना, म्हणून कांहीं दिवस जानवें गळ्यांत माळेसारखें, निवीती ठेवावें लागलें. ऋषितर्पणाच्या वेळीं घटकाभर करावयाची गोष्ट पंधरा दिवस केली.

पुढें केमोथेरपी व किरणोपचार यांसाठीं मुंबईसच राहणें पडलें. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेंत आम्हांला जागा मिळाली. तेथें देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेलीं माणसें एकाच दुःखानें शेजारीं झालेलीं असतात. कोणी कोणाची जात विचारीत नाहीं, कोणता अवयव एवढेंच विचारतात. आमच्या खोलीपलीकडे चोपड्याकडची एक शेतकरी बाई होती. तिचीही तीच शस्त्रक्रिया झालेली. मी हात छातीशीं धरून फेऱ्या घालीत असें, तें पाहून ती एके दिवशीं म्हणाली, "भाऊ, असा हात बांधून ठेवूं नका, आखडून जाईल. भिंतीवर बोटं चढवा. रोज थोडं वर." आणि तिनें स्वतः करून दाखविलें. त्या दिवसापासून आम्ही दोघें सकाळीं भिंतीपाशीं शेजारीं उभीं राहून बोटें चढवीत असूं. तिनें पेन्सिलीनें भिंतीवर आपली खूण केली होती. माझी खूण तिच्या खालीं वीतभर होती. जन्मभर दुसऱ्यांना धडे दिले. हा धडा मात्र मीं अक्षरशत्रु बाईपाशीं घेतला, आणि तिच्यापुढें मला कशाचीही लाज वाटली नाहीं.

आतां रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी घ्यावी लागते. हें औषध इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९६२ सालीं तयार झालें, तें संततिनियमनासाठीं. त्या कामीं तें फसलें, आणि स्तनाच्या कर्करोगावर मात्र लागू पडलें. पुरुषांच्या या कर्करोगांपैकीं बहुतेक, शंभरांत नव्वदांच्या आसपास, इस्ट्रोजेनच्या आधारानें वाढणारे असतात. तो आधार हें औषध तोडतें. त्यानें अंगांतून उष्ण वाफा निघाल्यासारखें होतें. इतर गांवचे रोगी याची तक्रार करतात. जळगांवकराला वैशाखांत ती वाफ बाहेरची कीं आंतली हें समजतच नाहीं!

येथवर दुखणें माझ्यापुरतें होतें. पुढची गोष्ट अधिक कठीण. हा रोग झालेल्या प्रत्येक पुरुषानें जनुकांची तपासणी करावी, असा आज वैद्यांचा सल्ला आहे. माझी झाली. बीआरसीए-२ नांवाचें एक जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतें. त्याचा शोध १९९५ सालीं लागला. पेशींतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणें हें त्याचें काम. त्यांतच दोष असला कीं दुरुस्ती नीट होत नाहीं. सामान्य पुरुषाला स्तनाचा कर्करोग होण्याचा आयुष्यभराचा संभव हजारांत एकाच्या आसपास. असा दोष असलेल्याला शंभरांत सहा ते आठ. स्त्रीला तर संभव कितीतरी अधिक, आणि शिवाय बीजकोशाच्या कर्करोगाचाही. हा दोष आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा. माझ्यांत तो दोष निघाला.

तें ऐकतांच मला आत्या आठवली. धुळ्यास गल्ल्यांना नांवांऐवजीं आंकडे आहेत. अशाच एका गल्लींत आमचें वडिलोपार्जित घर. आत्या तेथें १९६८ सालीं गेली, तेव्हां मी लहान होतों. शेवटचे कांहीं महिने ती मागच्या खोलींत निजून असे, आणि त्या खोलींत दिवसभर धूप जळत असे. आत्याचें पोट दुखतें, असें आम्हां मुलांना सांगितलें होतें. तो धूप कशासाठीं होता हें आईनें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. छातीवरची गाठ फुटली होती. परपुरुषाला दाखवावयाची कशी, म्हणून ती वैद्यांना कधीं दाखविलीच नाहीं. घरांत हें सर्वांना ठाऊक होतें आणि कोणीच बोललें नव्हतें. त्याच घरचा मी; अर्ध्या शतकानंतर तेंच केलें, धुपाच्या जागीं बंडी घातली, इतकाच फरक.

मीं मुलांना बोलावून घेतलें. थोरली कन्या पुण्यास असते. तिला पस्तिसावें वर्ष. तिच्या डोळ्यांस डोळा न लावतां मीं सर्व सांगितलें, आणि मजकडून हें तुमच्याकडे आलें असेल तर क्षमा करा, असें म्हणालों. ती रागावली, पण जें मला वाटलें होतें त्यासाठीं नव्हे. "अण्णा, तुम्हांला तें कोणीतरी दिलें, तसें तुम्हीं आम्हांला दिलें, त्यांत तुमचा काय दोष? पण मार्गशीर्षांत गाठ लागली होती ना? मग वैशाखापर्यंत काय करीत होतांत?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दोघांनींही तपासणी केली. मुलांत दोष निघाला नाहीं, कन्येंत निघाला. आतां दर वर्षीं तिचें एमआरआय व मॅमोग्राफी होते. रोग झालेला नाहीं. झालाच तर दाण्याएवढा असतांना सांपडावा, म्हणून हा पहारा. तिला भीति वाटते, हें मला तिच्या आवाजावरून कळतें. तरी पहाऱ्यांत राहणें अंधारांत राहण्याहून बरें, असें ती म्हणते.

राहिले धुळ्याचे धाकटे बंधु. आत्या ती वडिलांची बहीण. म्हणजे दोष त्याच बाजूनें आला असावा, आणि बंधूंतही असण्याचा संभव निम्मा. दिवाळींत मीं विषय काढला. ते दार लोटून घेऊन म्हणाले, "दादा, झालें तें झालें. पण हें कुळाचें आहे म्हणून कोठें बोलूं नका. घरांत मुलगी लग्नाची आहे. उद्यां स्थळाकडचे विचारतील तर काय सांगूं?" मीं म्हटलें, "खरें तें सांगा. तिच्यांत दोष नसेल तर प्रश्नच नाहीं. असेल तर तें तिला आधीं कळलें पाहिजे, स्थळाकडच्यांना नंतर." ते उठून गेले. पुढें बरेच महिने पत्र नाहीं, फोन नाहीं. मला त्यांचा राग आला नाहीं. मीं पांच महिने लपविलें. त्यांना तर मुलीचा संसार मांडावयाचा होता.

एडवर्ड ब्रूक नांवाचे अमेरिकेंतील एक गृहस्थ होते. लोकांच्या मतांनीं तेथील सेनेटवर निवडून गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय सभासद, १९६६ सालचे. त्यांना २००२ सालीं, ऐंशी वर्षें उलटल्यावर, हाच रोग झाला. दोन्हीकडचे स्तन काढावे लागले. पुढच्या वर्षीं त्यांनीं तें जाहीरपणें सांगितलें, इतर पुरुषांनीं वेळींच तपासून घ्यावें म्हणून. नंतर ते बारा वर्षें जगले आणि २०१५ सालीं ९५ व्या वर्षीं वारले. एवढ्या मोठ्या पदावर बसलेल्या पुरुषाला जें सांगण्यास कमीपणा वाटला नाहीं, तें एका निवृत्त मास्तरास कां वाटावा? म्हणून हा लेख. हा वाचून एखाद्या घरांतील यजमान आपली छाती एकवार हातानें तपासून पाहतील, आणि एखाद्या गृहिणी बंडीवरच्या डागाबद्दल पहिल्याच वेळीं विचारतील, तर माझे पांच महिने अगदींच वायां गेले नाहींत असें मी समजेन.

गेल्या श्रावणींस मी धुळ्यास गेलों. बोलावणें नव्हतें, पण श्रावणी आमच्या घरीं नेहमीं एकत्र होते. पंधरा-वीस मंडळी उघड्या अंगानें ओळीनें पाटांवर बसलीं होतीं. उपरणें पांघरून बसावें असें क्षणभर मनांत आलें. मग तें बाजूस ठेवलें. डाव्या बाजूस सपाट छाती आणि काखेपर्यंत गेलेला लांब व्रण. गुरुजींनीं पाहिलें, मुलांनीं पाहिलें. एका लहान नातवानें मोठ्यानें विचारलें, "आजोबा, हें काय?" मीं म्हटलें, "गाठ झाली होती, डॉक्टरांनीं काढली." "दुखतें?" "आतां नाहीं." त्याचें समाधान झालें व तो तिळांशीं खेळूं लागला. बंधु माझ्या शेजारींच बसले होते. नवें जानवें घालतांना माझा डावा हात पुरता वर जाईना, तेव्हां त्यांनींच तें माझ्या खांद्यावरून सारखें केलें. व्रणाला त्यांचीं बोटें लागलीं. ते कांहीं बोलले नाहींत.

संध्याकाळीं मी परतावयास निघालों. ते बसस्थानकापर्यंत पिशवी घेऊन आले. गाडी लागली, मी खिडकीशीं बसलों, तेव्हां खालून त्यांनीं हळूच विचारलें, "दादा, त्या रक्ततपासणीला उपाशी जावें लागतें काय?"

"नाहीं," मीं म्हटलें, "जेवून जा. आणि मुलीलाही बरोबर ने."